एक इंची की दीड इंची? ड्रेनचा पाइप निवडण्याआधी तो कसा वाहणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: माशांची टाकी ४ फुटी, १२० × ४५ × ५० सेंमी. कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स (टाकीतून सांडणारं पाणी धरून ड्रेनकडे देणारा कप्पा) करायचा आहे, संप, म्हणजे फिल्टर-हीटरची वेगळी टाकी, खाली कपाटात. संपमधलं पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या खोक्यावर ताशी ४००० लिटर लिहिलंय. काचेला भोक अजून पाडलेलं नाही. ड्रेनला १ इंची पाइप घ्यावा की दीड इंची, आणि एक पुरेल की दोन लागतील?

भोक पाडायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. नंतर पाइप बदलता येतो, काचेचं भोक लहान करता येत नाही.

१ इंची पाइपातून ताशी किती पाणी खाली जातं, असं दहा जणांना विचारलंत तर दहा आकडे मिळतील. कुणी ६०० लिटर म्हणेल, कुणी साडेतीन हजार. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. पाइपात पाण्याबरोबर हवाही उतरत असेल तर पहिला आकडा खरा, आणि पाइप काठोकाठ पाण्याने भरून सायफनसारखा ओढत असेल तर दुसरा. एकाच पाइपात पाच-सहा पटींचा फरक पडतो. म्हणून टाकी किती लिटरची, पंप कोणता, हे प्रश्न नंतरचे. ड्रेन हवेसकट चालवायचा की पूर्ण भरलेला, हे आधी पक्कं करा. माप त्यातूनच निघतं.

हवेसकट चालणारा ड्रेन म्हणजे डर्सो पद्धतीचा. उभा पाइप, वर टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या डोक्यावर हवेचं बारीक भोक आणि बाजूला खाली वाकलेला एल्बो. यात पाणी पाइपाच्या भिंतीला चिकटून पातळ थरासारखं खाली उतरतं आणि मधोमध हवेचा मोकळा गाभा राहतो. हा गाभा मोकळा आहे तोवर पाइप शांत असतो. पाणी वाढलं की थर जाड होतो, कुठेतरी दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांना भिडतं, हवा कोंडते, क्षणभर सायफन लागतो आणि लगेच तुटतो. टॉयलेट फ्लश झाल्यासारखा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

ही मर्यादा कुठे येते याचा अभ्यास इमारतींच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपांसाठी झालेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या वायली आणि ईटन यांनी १९६१ साली त्याचं सूत्र मांडलं. पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पाण्याने व्यापला की त्यापुढे गडबड सुरू होते, असं प्लंबिंगमध्ये धरतात. घरात टाकी असेल तर पाव भागावरच थांबावं असं माझं मत आहे, कारण रात्री दिवाणखाना शांत झाला की बारीक गुरगुरही कानाला लागते. पाव भाग धरून त्या सूत्राने हिशेब केला तर आतला व्यास नेमका १ इंच असलेल्या पाइपातून ताशी ६०० लिटरच्या आसपास पाणी जातं, दीड इंचीतून साधारण १८०० आणि २ इंचीतून ४०००. व्यास दुप्पट झाला की क्षमता सहा पटींहून जास्त वाढते. म्हणून एक इंचीचे दोन पाइप म्हणजे एक दीड इंची, हा हिशेब चुकतो. दोन एक इंची मिळून सव्वा हजारावर अडकतात.

आता तोच १ इंची पाइप पूर्ण भरून चालवा. इथे पाण्याला ओढते ती दोन पातळ्यांमधली उंची: ओव्हरफ्लो बॉक्समधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून संपमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. बरेच जण पाइपाची लांबी मोजतात, ती इथे चालत नाही. पाइपाचं तोंड संपमध्ये बुडलेलं असेल तर बुडालेल्या भागाचा ओढीत काडीचा वाटा नसतो. ही उंची ८० सेंमी असेल तर कुठलाच अडथळा नसताना पाण्याचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या जवळ जायला हवा. प्रत्यक्षात तोंडावरची जाळी, दोन एल्बो, व्हॉल्व्ह, भिंतीचं घर्षण आणि बाहेर पडताना वाया जाणारा वेग मिळून तो पावणेदोन मीटरवर येतो. २६-२७ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपात याचे ताशी साडेतीन हजार लिटर होतात. दीड इंचीचे साडेआठ हजारांच्या वर जातात. हे आकडे उघड्या व्हॉल्व्हचे. पाइपावर व्हॉल्व्ह बसवून पाणी हवं तेवढंच जाऊ द्यायचं असतं, म्हणजे हातात राखीव क्षमता उरते.

तुमच्या पंपाकडे वळू. खोक्यावरचे ४००० लिटर शून्य उंचीवरचे आहेत, म्हणजे पंप बादलीत ठेवून पाणी बादलीतच सोडलं तर. संपपासून टाकीच्या काठापर्यंत सव्वा-दीड मीटर चढ, त्यात एल्बो, नॉझल, पाइपाचं घर्षण. पंपाबरोबर आलेल्या आलेखात तुमच्या उंचीसमोरचा आकडा बघा, आणि शक्य असेल तर मोजूनच घ्या. रिटर्नचा पाइप टाकीच्या काठाइतक्या उंचीवर धरून १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. १५ सेकंद लागले तर ताशी २४०० लिटर. पुढचा सगळा हिशेब मी हाच आकडा धरून करतो. तुमचा वेगळा आला तर तो घाला.

त्यात एक प्रश्न माझा तुम्हाला: २४०० लिटर संपमधून फिरवायची खरंच गरज आहे का? टाकीत प्रत्यक्ष पाणी २४० लिटरच्या आसपास राहील, म्हणजे ताशी दहा पट. संपमधून ताशी तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी फिल्टर, हीटर, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) सगळे नीट काम करतात. टाकीच्या आतला प्रवाह हवा असेल तर त्यासाठी वेव्हमेकर किंवा पॉवरहेड हे टाकीतच बसणारे पंप आहेत, त्यांना पाणी दीड मीटर वर चढवावं लागत नाही. ताशी १००० ते १२०० लिटरवर आलात तर आवाज, बुडबुडे, वीज या तिन्ही तक्रारी एकदम कमी होतात. पंपावर गती कमी-जास्त करायची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर रिटर्नच्या पाइपावर व्हॉल्व्ह लावून पाणी थोडं दाबता येतं, चुंबकी पंपाला त्याचा त्रास होत नाही. तरीही ड्रेन मात्र पंप पूर्ण उघडा असताना जेवढं पाणी देईल तेवढ्यासाठीच बांधायचा. उद्या कुणीतरी तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडणारच.

आता मापं. एकच भोक पाडायचं ठरवलंत तर डर्सो, दीड इंची, आणि पंप पूर्ण उघडा असतानाही प्रवाह १२०० च्या आत. यात १ इंची घेतलात तर पहिल्याच रात्री गुरगुर सुरू होईल. पण खरं सांगायचं तर संपच्या टाकीला एकच ड्रेन मला मान्य नाही. एक मोठी गोगलगाय, एक गळालेलं पान किंवा जाळीवर साचलेलं शेवाळ, एवढ्यावर सगळा मामला अडतो, आणि पंप संपमधलं पाणी वर चढवतच राहतो. दुसरा पाइप ही चैन नाही.

दोन भोकं पाडणार असाल तर हर्बी पद्धत. पहिला पाइप पूर्ण भरून चालणारा, खाली गेट व्हॉल्व्ह लावलेला. दुसरा उघडा, जवळजवळ कोरडा, तोंड पहिल्यापेक्षा बरंच वर, संकटासाठी राखून ठेवलेला. तुमच्या टाकीला पहिला १ इंची पुरेसा आहे. २४०० ला साडेतीन हजारांची क्षमता मिळते, आणि काही वर्षांनी पाइपाच्या आत चिकट थर बसला तरी पाणी अडणार नाही. दुसरा, म्हणजे राखीव, बॉक्समध्ये जागा असेल तर दीड इंची घ्या, नसेल तर १ इंची. पहिल्यापेक्षा लहान कधीच नको. पहिला पूर्ण बंद झाला तर सगळं पाणी या एकट्याला न्यायचं आहे, आणि त्यावर व्हॉल्व्ह लावायचा नाही. कोण कधी फिरवून ठेवेल सांगता येत नाही.

आणखी मोठा म्हणजे आणखी चांगला, हा तर्क सायफनच्या पाइपाला लागू पडत नाही. वीज जाऊन आली की पाइपात हवा भरलेली असते आणि ती पाण्यानेच खाली ढकलून बाहेर काढायची असते. उभ्या पाइपात मोठा बुडबुडा स्थिर पाण्यातून एका ठराविक वेगाने वर चढतो: २ इंचीत सेकंदाला साधारण २५ सेंमी, १ इंचीत १८. आता २ इंची पाइप १२०० लिटरने भरून वाहतो असं धरा, पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १५ सेंमी येतो. बुडबुडा पाण्यापेक्षा वेगाने वर चढतोय, मग हवा खाली जाणार कशी? सायफन धरतच नाही, किंवा दहा-दहा मिनिटं खदखदत राहतो. तेच १२०० लिटर १ इंचीत सेकंदाला ६० सेंमीने धावतात आणि हवा झाडून काढतात. हवेसकट चालणारा ड्रेन एक माप मोठा घेतला तर बिघडत नाही. सायफनचा मात्र गरजेपुरताच मोठा हवा.

हवा बाहेर काढण्याशी जोडलेली आणखी एक बाब: सायफनच्या पाइपाचं खालचं तोंड संपच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. १५ सेंमी बुडवलंत तर तेवढ्या पाण्याचा दाब हवेच्या वाटेत उभा राहतो. तोंड अगदी पाण्याबाहेर ठेवलंत तर सायफन पटकन लागेल, पण धारेचा आवाज आणि शिंतोडे कायमचे.

पहिल्यांदा सुरू करताना काय दिसेल तेही सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. पंप चालू केल्यावर बॉक्समधलं पाणी वाढत जातं, सायफनचा पाइप खदखदतो, संपमध्ये बुडबुड्यांचा पांढरा फेस उसळतो. मिनिटभरात बुडबुडे मोठे होतात, मग एकदम थांबतात, आणि इतकी शांतता होते की पाणी वाहायचं बंद झालं असं वाटून माणूस संपमध्ये हात घालून बघतो. त्यानंतर व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला लागा. बॉक्समधली पातळी चढायला लागेल. पाव आटा फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा पाव आटा. घाई केलीत की पातळी वर-खाली पळत राहते. याच कारणासाठी इथे गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हची दांडी बोटभर हलली तरी प्रवाह एकदम बदलतो. व्हॉल्व्ह खाली संपजवळ, हाताला येईल असा बसवा.

पातळी एकदा जमवली की कायम तिथेच राहील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. सायफनचा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ८० सेंमी उंचीवर बॉक्समधली पातळी ३ सेंमी चढली तर प्रवाह वाढतो फक्त २ टक्के. उलटं पाहा: पंपाने ५ टक्के जास्त पाणी दिलं तर ते सामावून घ्यायला पातळी ८ सेंमी चढावी लागेल. पंप साफ केला, बाष्पीभवनाने संपची पातळी उतरली, एवढ्यानेही प्रवाह इतका बदलू शकतो. म्हणून व्हॉल्व्ह असा लावा की पाण्याची बोटभर धार राखीव पाइपातून सतत जात राहील. वर-खाली होणारं पाणी ती धार सामावून घेते, मुख्य पाइप भरलेला राहतो. राखीव पाइप दीड इंची घ्या असं मी म्हटलं त्याचं अर्धं कारण हेच. एवढीशी धार त्यात आवाज न करता भिंतीवरून उतरते.

राखीव पाइप खरोखर कोरडाच हवा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तीन पाइपांची बीनअ‍ॅनिमल पद्धत आहे: एक सायफन, एक हवेसकट चालणारा, एक कोरडा. मोठ्या टाकीला मी हीच सुचवतो. तुमच्या ४ फुटीत कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये तीन बल्कहेड (काचेच्या भोकात पाइप घट्ट बसवणारे जोड) बसवणं अवघड जाईल. मागच्या काचेवर लांब, अरुंद बॉक्स करणार असाल तर जमेल.

बॉक्सचा विषय निघालाच आहे तर त्याच्या काठाकडेही बघा. पाइप कितीही मोठा घेतलात तरी काठावरून पाणी आत यायला हवं. सरळ, बिनदातांच्या ३० सेंमी काठावरून १ सेंमी जाडीचा पाण्याचा थर गेला तर ताशी २००० लिटर होतात, दीड सेंमीचा थर साडेतीन हजारांच्या पुढे जातो. दातांनी निम्मी लांबी खाल्ली की हे आकडे निम्म्यावर येतात आणि टाकीतलं पाणी त्या प्रमाणात वर उभं राहतं. लहान कोपरा बॉक्सला दोन बाजूंचा काठ मिळतो, तो दोन्ही बाजूंनी वापरा. काठ लांब असेल तर वीज गेल्यावर खाली उतरणारं पाणीही कमी होतं. १२० × ४५ च्या टाकीत पातळी ३ सेंमी उतरली की १६ लिटर खाली येतं, शिवाय बॉक्समधलं आणि पाइपांमधलं. संपमध्ये एवढी रिकामी जागा हवीच. रिटर्नचं नॉझल खोल बुडालं असेल तर ते उलटा सायफन धरून त्याहून कितीतरी जास्त पाणी ओढेल, म्हणून नॉझल पाण्याच्या पृष्ठभागाजवळच ठेवा.

आडवा पाइप शक्यतो टाळा. संप टाकीच्या थेट खाली नसेल आणि पाइप मीटरभर आडवा न्यावाच लागत असेल, तर हवेसकट चालणाऱ्या पाइपाला मीटरला निदान २ सेंमी उतार द्या. एवढ्या उतारावर अर्धा भरलेला दीड इंची पाइप ताशी १५०० लिटरच्या आसपास नेतो. उभा भाग १८०० न्यायला तयार असला तरी आडवा भागच त्याला अडवतो. सायफनच्या पाइपाला उताराचं एवढं सोवळं नाही, पण मध्येच उंचवटा येऊन तिथे हवा साचू देऊ नका. दोन्ही ठिकाणी ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा.

आता खरेदी. पाइपावर लिहिलेलं माप म्हणजे आतला व्यास, असं धरून चालू नका. इंची मापाच्या शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) पाइपात १ इंचीचा आतला व्यास २६.६ मिमी असतो, शेड्यूल ८० मध्ये २४ च्या थोडा वर. मेट्रिक मापात मात्र २५ मिमी हा बाहेरचा व्यास असतो, आत जाडीप्रमाणे २१ मिमीच्या आसपास उरतो. २५ मिमी म्हणजे १ इंच, असं समजून हा पाइप घेतलात तर हवेसकट चालणाऱ्या ड्रेनची क्षमता चाळीस टक्क्यांनी घसरते. त्या मापात १ इंचीच्या जागी ३२ मिमी आणि दीड इंचीच्या जागी ५० मिमी मागा. बल्कहेडचंही आतलं भोक कॅलिपरने मोजून घ्या. बल्कहेड २१ मिमीचं आणि पुढचा पाइप २७ मिमीचा, असं असेल तर अडथळा तिथेच बसतो.

म्हणून बल्कहेड आधी विकत घ्या, हातात आलं की मग भोकाचं माप ठरवा. १ इंची बल्कहेडला साधारण ४५ मिमी आणि दीड इंचीला ६० मिमीच्या आसपास भोक लागतं, पण प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं आणि २ मिमीनेही फरक पडतो. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा, दोन भोकांमध्येही तेवढंच. बल्कहेडची चकती भोकापेक्षा बरीच मोठी असते आणि नट फिरवायला हातही आत जायला हवा, म्हणून बॉक्सची रुंदी चकत्या कागदावर काढूनच ठरवा. काच टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेली) असेल तर भोक पाडायचा विचार सोडा, ड्रिल टेकताच तिचा चुरा होतो. तयार टाक्यांचा तळ बऱ्याचदा टफन्ड असतो, तो आधी तपासून घ्या. तळ टफन्ड निघाला तर भोकं मागच्या साध्या काचेत घ्या.

सगळं जोडून झाल्यावर मासे सोडायच्या आधी दोन चाचण्या करा. टाकी भरून पंप पूर्ण वेगाने चालवा आणि सायफनच्या पाइपाचं तोंड हाताने झाकून ठेवा. राखीव पाइपाने सगळं पाणी न्यायला हवं आणि टाकीची पातळी टाकीच्या वरच्या काठाच्या निदान २ सेंमी खाली स्थिर व्हायला हवी. आवाज खूप होईल, तो व्हायलाच हवा. त्या आवाजानेच पुढे कधीतरी तुम्हाला कळणार आहे की पहिला पाइप तुंबलाय. दुसरी चाचणी: प्लग काढा, संप ओसंडत नाही ना बघा, पाणी उतरून शांत झालं की पुन्हा लावा आणि सायफन आपोआप धरतोय ना, तेही किती वेळात, ते पाहा. हे सलग तीन-चार वेळा करा. व्हॉल्व्हला हात न लावता दर वेळी एक-दोन मिनिटांत शांतता झाली तर पाइप योग्य मापाचा आहे. नाही झाली तर राखीव पाइपाचं तोंड थोडं वर घ्या, म्हणजे सायफनच्या तोंडावर पाणी जास्त चढेल, आणि खालचं तोंड किती बुडलंय ते पुन्हा मोजा.

चाचणी होईपर्यंत बॉक्सच्या आतले उभे पाइप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवू नका, नुसते दाबून बसवा. त्यांची उंची दोन-तीनदा तरी कापावी लागते आणि तिथून थेंबभर गळलं तरी बॉक्समध्येच गळतं. बॉक्सच्या बाहेरचे सगळे जोड मात्र चिकटवा, आणि व्हॉल्व्हच्या वर एक युनियन घाला, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी आतला थर ब्रशने काढायला पाइप सुटा होईल.